बदली येईपर्यंत

ओफाकिम, २ ऑगस्ट १९७१

पोहोचलो! बसमधून उतरलो तर समोर नुसती पिवळी माती, आगपेट्यांसारखी घरं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध शुलामिथ, हातात लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन. ठाण्याहून गेली तेव्हा दोन वेण्या होत्या, आता केस मानेपर्यंत कापलेत. मला बघून काय हसली! त्या हसण्यासाठी मी समुद्रातून पोहत आलो असतो.

आई म्हणाली होती, कॉलेज अर्धवट टाकून मुलीच्या मागे देश सोडतोस, लाज वाटत नाही? नाही वाटत. जिने दोन वर्षं माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, ती गेल्या हिवाळ्यात आपण होऊन लिहायला लागते, 'ये, अबांच्या हाताखाली जागा आहे, मी वाट बघतेय,' तर कोण शहाणा वर्गात बसून राहील?

अबा म्हणजे तिचे वडील, नॅथनअंकल. मुंबईत परळच्या गिरणीत इंजिन खात्यात होते. इथे कापडगिरणीच्या मागे नवं कॉम्प्युटर सेंटर झालंय, त्याची वीज, थंड हवा, आगीची व्यवस्था सगळी त्यांच्याकडे. सप्टेंबरातल्या सणांपर्यंत मी शिकाऊ. पास झालो तर कवियूत, म्हणजे इथल्या हिब्रूत कायमची नोकरी, आणि मग लग्नाचं बोलू, असं त्यांनी जेवतानाच सांगून टाकलं. मी आणखी दोन पोळ्या वाढून घेतल्या. आनंदाने!

४ ऑगस्ट

आज मशीनची खोली पाहिली. बाहेर ऊन असं की डोकं भाजून निघावं, आणि आत माथेरान. कपाटांएवढी यंत्रं, टेपची चाकं गरगरतायत. खालची जमीन खोटी आहे: चौकोनी फरशा लोखंडी पायांवर उभ्या, त्यांच्या खालून तारा आणि थंड हवा जाते. यंत्राला धूळ चालत नाही आणि घामट हवाही चालत नाही. आपलं काम यंत्र चालवणं नव्हे, यंत्राला जगता येईल अशी खोली राखणं. नॅथनअंकलचं वाक्य आहे हे.

गंमत म्हणजे मी दाराशीच सवयीने जोडे काढले. एवढी स्वच्छ जागा, जोडे घालून कसं जायचं? ब्राखामावशी कॉफी घेऊन येत होती. ती मूळची पनवेलची, गिरणीच्या कॅन्टीनात असते. म्हणाली, काय रे मेल्या, कोण वारलं तुझं? सुतकात जोडे काढतात ना आपल्या ज्यू लोकांत. सगळे हसले. मी भडकून परत जोडे घालणार होतो, पण नॅथनअंकल हसले नाहीत. पडक्या आवाजात म्हणाले, काढत जा, रोज काढत जा. जोडे दिसले की आत माणूस आहे हे कळतं. बाहेर हॉलमध्ये लाल पेटीत आग विझवायच्या गॅसची मूठ आहे, जोडे असताना तिला कोणी हात लावायचा नाही.

तर माझे जोडे आता कंपनीचा नियम झाले. शुलामिथने लोकरीचे मोजे दिले, पायांना गारठा लागू नये म्हणून.

१२ ऑगस्ट

आगीचा धडा. पाणी मारलं तर यंत्र मरतं, म्हणून खोलीत गॅस सोडायचा. तो हवेची जागा घेतो, आग गुदमरते. आग आणि माणूस यांत त्याला फरक कळत नाही. मूठ ओढली की आधी घंटा होते, तेवढ्यात बाहेर पडायचं. दार जाड लोखंडी, मधे उभी काच, स्वतःच्या वजनाने लागतं. त्याचा आतला खटका मोडलाय, म्हणून खाली लाकडी पाचर ठोकून ते किंचित उघडं ठेवायचं. दुरुस्ती कधी, विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, आखरेइ हा-खगीम. सणांनंतर. या देशात सगळंच सणांनंतर!

आणि नॅथनअंकलचा गिरणीतला नियम: बदली, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आत आल्याशिवाय आतल्याने बाहेर यायचं नाही. खोली रिकामी सोडायची नाही. मी म्हटलं, बदली आलीच नाही तर? त्यांनी पाना खाली ठेवला आणि विषय बदलला.

२६ ऑगस्ट

शुलामिथबरोबर बाजारात गेलो. सारखी कामाचंच विचारते. आत एकटं वाटतं का? कोणी बोलतं का? मी म्हटलं, तुझ्याशिवाय मी कोणाशी कशाला बोलू? तिने माझा हात धरला. तिचा हात त्या खोलीसारखा गार होता.

७ सप्टेंबर

फरशांवर पायांचे ठसे दिसले. ओले नव्हेत. आरशावर श्वास सोडला की धुकं धरतं ना, तसे. अनवाणी पायांचे. बघता बघता विरून गेले.

पहिल्यांदा वाटलं माझेच. पण मी तर मोजे घालतो.

शुलामिथला सांगितलं. तिने एकच विचारलं, बोटं कुठे होती? यंत्राकडे की दाराकडे?

दाराकडे, म्हटलं. ती रडायला लागली. का ते सांगेना.

१४ सप्टेंबर

दुपारी दाराशी माझ्या जोड्यांशेजारी तपकिरी सँडल होत्या. इथली पोरं घालतात तशा, चामडी पट्ट्यांच्या. कोणीतरी दुरुस्तीला आलं असेल म्हणून आत हाका मारल्या. आत कोणी नाही. फक्त ठसे, आधीपेक्षा दाराच्या जवळ. बाहेर आलो तर सँडल नाहीत.

संध्याकाळी शुलामिथ गॅलरीत बसून तपकिरी सँडलना तेल चोळत होती. म्हणाली अबांच्या आहेत. नॅथनअंकलचा पाय माझ्या दीडपट आहे. वाद न घालता जेवायला आत गेलो. मी! आयुष्यात पहिल्यांदा.

२२ सप्टेंबर

ब्राखामावशीला कोपऱ्यात गाठलं. सांगत नव्हती, मी टेबलावर मूठ आपटली तेव्हा बोलली.

माझ्या आधी मेईर नावाचा शिकाऊ होता. शुलामिथचं त्याच्याशी ठरलेलं. गेल्या वर्षी यॉम किप्पुरच्या उपासाच्या आदल्या दुपारी त्याच्या बदलीला नॅथनअंकल येणार होते. ते घरी जेवायला बसले, उशिरा आले. खोलीत धूर दिसला, वाटलं मेईर कधीच घरी गेला असेल. मूठ ओढली. पोरगं नियम पाळून आतच होतं; दार लागलेलं, खटका तेव्हाही मोडका, गॅसमध्येच गेलं. दाराशी जोडे नव्हते, कारण तेव्हा कोणी काढत नव्हतं.

मावशी म्हणाली, आपल्या दरफळणीच्या सणाला, यॉम किप्पुरला रे, दारं लावून बसतो आपण तेव्हा गेलेली माणसं घरी येतात. सगळ्यांची येतील. मेईर कसा येणार? त्याला बदलीच कुठे मिळाली?

मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला.

तिची पत्रं आठवतायत. सगळी मेईर गेल्यानंतरची.

२३ सप्टेंबर

नॅथनअंकलच्या घरी जाऊन आरडाओरडा केला. म्हटलं, मुंबईहून जावई आणलात की भरपाई? म्हातारा म्हणाला, मी तुला खटका दुरुस्त करून देतो, आजच देतो. दिला नाही. आजारीच पडला.

शुलामिथने पाय धरले माझे. खोटं बोलले, म्हणाली, पण आता खोटं नाही. यॉम किप्पुरचा दिवस तेवढा सांभाळ, अबा उठू शकत नाहीत, खोली तापली तर त्यांची नोकरी जाईल. मग आपण दोघं हैफाला जाऊ.

मला कळतंय मी काय आहे. तरी हो म्हटलं. ती हसली नाही, एवढ्यावरच विश्वास ठेवला.

२८ सप्टेंबर, उपासाच्या आदली दुपार

आत आलोय. पाचर ठोकली, दोनदा तपासली. जोडे दाराशी, काचेतून दिसतात. रस्त्यावर एक गाडी नाही. सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत, दारं लावून.

२९ सप्टेंबर

आज सणाच्या दिवशी लिहू नये. लिहितोय, नाहीतर डोळे सारखे फरशांवर जातात. काल सूर्य मावळल्यापासून ठसे विरत नाहीत. फिरतात. माझ्याभोवती नाही— दारापर्यंत, आणि परत. दारापर्यंत, आणि परत. बदलीची वाट बघणारा माणूस फिरतो तसे.

दुपार

शुलामिथ आलीय! काचेतून दिसतेय. पांढरी साडी, तिच्या आईची असेल. उपाशी, उन्हातून चालत, माझ्यासाठी—

हातात तपकिरी सँडल आहेत.

खाली ठेवल्या. टाचा दाराकडे, बोटं बाहेर. बाहेर येणाऱ्याला पटकन पायात सरकवता येतील अशा.

माझे जोडे उचलले. छातीशी धरलेत. का—

पाचर काढली—

दार लागलं. मी खटका ओढतोय, ओरडतोय, नावाने हाक मारतोय. ती माझ्याकडे बघतच नाहीये. माझ्या खांद्यामागे बघतेय आणि हसतेय. बसपाशी हसली होती तेच. तेव्हाही माझ्यासाठी नव्हतं—

लाल पेटी उघडली तिने.

घंटा.

ठसे माझ्या पायांपुढे गेले. दार उघडतंय, थोडंसं, मी धरतो तर हाताला नुसतं गार लोखंड, बंदच— त्याच्यासाठी उघडलं. सँडल हलल्या. पट्टा कोणी लावला—

शुलामिथ, जा त्याच्याबरोबर, जा, पण जोडे तेवढे ठेव. दाराशी ठेव. कोणाला तरी कळू दे की आत अजून—