भांडण चढाचं होतं

आबा, ज्या भंगारवाल्याला आपण तुमची जुनी पिकअप दिली, त्याचं दुकान आता पौडच्या रस्त्यावर राहिलेलं नाही. तिथं फार्महाउसचे प्लॉट विकणाऱ्यांनी मांडव टाकलाय. परवा गावाकडं येताना मी तिथं गाडी हळू केली, तर आतला माणूस गिऱ्हाईक आलं म्हणून लगबगीनं उठला. मी थांबले नाही. पण तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की भावकीतल्या नव्या सुनांना तुम्ही ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी मी म्हणजे कंपनीत इंजिनं तपासणारी, लग्न न केलेली नणंद, एवढंच.

तुमच्या गाडीचं इंजिन भलंमोठं होतं, टर्बो नसलेलं, जुन्या पद्धतीचं. सुरू झालं की घराच्या पत्र्यापर्यंत थरथर जायची आणि आई म्हणायची, उठलं बाई जनावर. दिवाळी झाली की काकांचा कळप कोकणात उतरायचा. धडधाकट मेंढरं चालत जायची. गाभण, लंगडणारी, नुकती झालेली कोकरं, भांडीकुंडी आणि धान्याची पोती तुमच्या गाडीत. ताम्हिणीच्या घाटात तुम्ही खालच्या गिअरमध्ये अशी गाडी चालवायचात, की मागं गाड्यांची रांग लागायची. पुण्याचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. मी लहानपणी शेजारी बसून लाजेनं खाली सरकायची. तुम्ही म्हणायचात, "वाजवू दे. त्येंच्या गाडीत कोकरं न्हाईत."

मग मी शिकले, कंपनीत इंजिनांच्या चाचणीला लागले, आणि आपलं भांडण सुरू झालं. एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही चहा घेऊन उंबऱ्यावर, आणि मी हातात फुंकणी घेऊन तुम्हाला टर्बो समजावतेय. मोठं इंजिन म्हणजे मोठी चूल, लाकूडही जास्त खाणार. टर्बो म्हणजे ही फुंकणी. चूल तेवढीच, पण वारा जास्त कोंबला की जाळ वाढतो. लहान इंजिन मोठ्याचं काम करतं.

तुम्ही फुंकणी हातात घेऊन उलटीसुलटी केलीत. "आन फुंकनारा दमला मंजी?"

"कुणी फुंकत नाही, आबा. इंजिनातून जो धूर वाया जातो ना, त्याच्यावरच पंखा फिरतो."

"मंजी सोताच्याच धुरावर पळायचं. लई गुणाचं दिसतंय." तुम्ही माझ्याकडं न बघता चहाचा घोट घेतलात. "माझी गाडी खालनंच उचलती. तुझीला आदी वारं चढाया लागतंय. भरल्या गाडीनं चढावर थांबून परत निगायचं झालं, तर वाऱ्याची वाट बघत बसू का?"

"आणि तुमची चढावर धाप लागून काळा धूर सोडते, त्याचं काय? ते डबडं आहे, आबा."

तेव्हा तुम्ही चिडलात. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणालात, "तिला नावं ठिवू नको. तिच्या भाड्यावर शिकलीयस तू." आईनं दोघांनाही तिथून उठवलं, कारण तव्याकडं बघते असं मी कबूल केलं होतं आणि बोलण्याच्या नादात भाकरी करपली होती.

पुढची कितीतरी वर्षं आपण असेच भांडलो. जेवताना, फोनवर, एकदा तर मामाच्या मयतीहून परत येताना. भांडायला दुसरा विषय नव्हता म्हणा, किंवा बोलायलाच दुसरा विषय नव्हता. एकदा कंपनीनं घरच्यांना कामाची जागा दाखवायला बोलावलं, तेव्हा तुम्ही धुतलेला सदरा आणि टोपी घालून आलात. जाड काचेपलीकडं एक छोटं इंजिन पूर्ण ताकदीनं चालत होतं, धुराचा पाइप तापून लाल झालेला. माझे सहकारी तुम्हाला आकडे सांगत होते. तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही काचेला तळवा लावून उभे होतात. म्हणालात, "एवढुसं हाय गं. आन किती राबवताय त्येला." मी हसले. म्हटलं, ते त्यासाठीच बनवलंय. तुम्ही म्हणालात, "आसंल." परतीच्या वाटेवर मात्र तुम्ही त्या दिवशी भांडला नाहीत.

नंतर तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेला. मिस्त्रीनं हात टेकले. मोठ्या बिनटर्बोच्या इंजिनाची नवी पिकअप तोवर बाजारात मिळेनाशी झाली होती, आणि तुम्ही गाडीवाचून घरात नुसते बसून होतात, ते बघवत नव्हतं. मी नवी घेऊन दिली. लहान इंजिन, टर्बोवालं. नारळ फोडताना तुमचा नेम दोनदा चुकला, तो आनंदानं, असं मी तेव्हा समजले आणि आजही तसंच समजते. ते इंजिन आमच्या कंपनीचं नव्हतं, तरी तुम्ही गावभर सांगत सुटलात, "माज्या लेकीचं इंजिन हाय." बंद करण्याआधी गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवा, टर्बो निवू द्या, असं मी सांगितलं होतं. तुम्ही ते देवाच्या नेमासारखं पाळलंत. जेवायला हाक मारली तरी अंगणात गाडीत बसून राहायचात. फोनवर मी विचारलं, कशी आहे? "लई पळती," तुम्ही म्हणालात. चढाला? "चढाला तर सांगूच नको. घाट कदी सपला कळत न्हाई." मी जिंकले होते, आबा. त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना चहा पाजला.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, तुम्ही काकांची मेंढरं घेऊन घाट उतरत होतात. काका मोटारसायकलवर मागं. ते सांगतात, तुमच्या गाडीचा मागचा ब्रेकचा लाल दिवा विझेचना. मग चाकातनं धूर येताना दिसला, करपल्याचा वास आला. त्यांनी हॉर्न वाजवला, ओरडले. ब्रेक तापून निकामी झाले होते. डावीकडं दरी, उजवीकडं कातळ. तुम्ही गाडी कातळावर घातलीत. घातलीत, असंच काका म्हणतात, गेली असं म्हणत नाहीत. तुमची बाजू पार आत गेली. मागं एक मेंढी दगावली, बाकीची उभी होती. त्या दिवशी काकांचा फोन आला तेव्हा मागून कोकरांचा आवाज येत होता, आणि मला आधी वाटलं की तुम्ही पोचलात.

तेराव्यानंतर आई भांडी लावता लावता सहज बोलल्यासारखं बोलली. "म्हनायचे, चढाला झ्याक हाय, पर उतरताना हातात ऱ्हात न्हाई. जुनी गिअरवर धरून ऱ्हायची. हिला सारका ब्रेक लागतुया."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"म्या म्हनलं, सांगा की पोरीला. तर म्हनले, हौसेनं दिलीया तिनं. कशाला तिला."

खालच्या गिअरमध्ये मोठं इंजिन उतारावर गाडी धरून ठेवतं, ब्रेक कमी लागतो; लहान तितकं धरत नाही. टर्बो चढाला मदत करतो, उताराला नाही. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेतही लिहिलं असेल. पण आपण दोघं इतकी वर्षं फक्त चढाबद्दल भांडलो. उतार कुणाच्याच तोंडात आला नाही, आणि आला तेव्हा तुम्ही तो गिळलात.

मी माझ्या साहेबांकडं गेले. भला माणूस, परभणीकडचा. विचारलं, आपण उताराची चाचणी कधी घेतो? म्हणाले, "ताई, ब्रेकचं खातं वेगळं आहे. आपण इंजिनवाले." मग मी स्वतःच गणितं मांडली. जुन्या इंजिनानं गाडी जास्त धरली असती, हे खरं. पण त्या वजनाला ते पुरलं असतं का? एकदा उत्तर हो येतं, एकदा नाही. तुम्ही कोणत्या गिअरमध्ये होतात, हे मला माहीत नाही, आणि सांगणारं कुणी नाही. काकांनी त्या उन्हाळ्यात कळप विकला. त्यांची मुलं रिसॉर्टवर कामाला जातात. आता घाटातून न्यायला कोकरंच नाहीत. मोठं इंजिन बरं की टर्बो, हे आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. सध्या आम्ही आणखी लहान इंजिनावर काम करतोय. ते चांगलं आहे. चढाला खरोखर चांगलं आहे.

हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे. घरात कागद दिसला की आई वाचून दाखव म्हणते, आणि हा तिला वाचून दाखवता येणार नाही. तुम्ही गेल्यावर तिनं एकच मागितलं होतं, ते इंजिनाचं काम सोड. मी तिला सांगितलंय की सोडलं, आता मी गाडीतल्या सीटांच्या खात्यात असते. ती शेजारणींनाही तसंच सांगते. मी काही सोडलेलं नाही, आबा. दुसरं मला काही येत नाही.