चौतिसावं कुलूप

सोमवार, ३ नोव्हेंबर

चौतीसपैकी तेहतीस साइट्सना आज दुपारी कुलूप लागलं. रोनीने स्वतःच्या फोनवर एकेक उघडून खात्री केली आणि म्हणाला, नांदगाववाले कामपण हायवेच्या स्पीडनंच करतत काय गो भक्ती? मी हायवेवरच्या नांदगावची; नव्या साहेबाकडून वेंगुर्ल्यात हे माझं स्वागत. टेबलावर भाजके काजू, खिडकीतून जेटी.

आम्ही किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या वेबसाइट्स सांभाळतो. सगळ्यांच्या पुढे एकच गेटवे, ऑफिसातलाच एक संगणक. पत्ता उघडणारा पाहुणा आधी गेटवेला भेटतो, तिथे प्रमाणपत्र तपासलं जातं, पुढचं बोलणं कूटबद्ध होतं आणि पत्त्यापुढे कुलूप दिसतं. प्रमाणपत्राची मुदत संपली, की ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि पाहुणा मागे फिरतो. यादीत एकच नाव लाल उरलंय: बर्नादेत होमस्टे. उद्या तेही करते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

रोनी सावंतवाडीला. माझ्याआधीच्या लवूकाकांनी या एकाच नावाच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण बंद ठेवलं होतं. का, ते कुठेही लिहिलेलं नाही. अर्धा दिवस त्यांच्या जुन्या मांडणीत डोकं घातलं. ही साइट त्या घरातल्याच संगणकावर आहे, त्याचं उत्तर आल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. शेवटी चालू केलं. उत्तर लगेच आलं. यादी हिरवी.

साइटवर व्हरांड्याचं थेट चित्र आहे. ओली लादी, वेताच्या तीन खुर्च्या, त्यातल्या दोन लहान.

चार वाजता पहिलं बुकिंग. कोल्हापूरची तेजस्वी, सोबत दोन मुलं. शनिवार, दुपारी तीन.

बुधवार, ५ नोव्हेंबर

यादी बघून रोनीच्या हातातला काजू हातातच राहिला. म्हणाला, ते घर गेल्या ऑगस्टात समुद्राने नेलं. बर्नादेत आंटीसकट. पाहुणे येणार आहेत म्हणून ती बाहेर पडली नव्हती.

कुणाचा तरी खोडसाळपणा असणार. नाव पुसलं. जेवून आले, तर परत यादीत. पुन्हा पुसलं. परत. वैताग.

लवूकाकांना फोन केला. भात झोडत होते. म्हणाले, मिया तीनदा पुसलंय, बाय. जायना. म्हणान मुदत संपाक दिलंय. लाल दिसला की कोण भितर जायना. तुया कित्याक उघडलंस?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तेजस्वीला फोन. घर नाही, येऊ नका. ती हसली. म्हणाली, आंटी साइटवरून रोज मेसेज करतात, पत्त्यापुढे कुलूप आहे, आणि असल्या फोनांवर विश्वास ठेवू नका असं तर बँकही सांगते. आमचं बुकिंग तुमच्या होमस्टेला पळवायचंय का, असंही विचारलं. मग नंबर ब्लॉक केला. रोनीचाही.

पाहुणा ते गेटवे बोलणं कूटबद्ध असतं. गेटवे ते घर, मला उघडं दिसतं. आजचं वाचलं. आंटीने विचारलंय, पोरांका पोहूक येता मां? तेजस्वीने लिहिलंय, नाही. आंटी: बरां.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गेटवेची वायरच काढली. तेहतीस साइट्स बंद. ऐन हंगामात. रोनीने तेहतीस मालकांच्या शिव्या खाल्ल्या.

चौतिसावी चालू. कुलपासकट.

पोलिसांकडे गेले. प्रमाणपत्र म्हणजे काय, इथेच गाडी अडली. रोनी म्हणाला, वायर लाव आणि घराक जा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

त्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर उभी आहे. याच्या पुढे रस्ता पाण्यात उतरतो. रस्ता अडवणारी फळी नाही, दोरी नाही— कोणीतरी काढलीय. रिक्षावाला थांबला नाही.

फोनला रेंज नाही. ती साइट मात्र उघडते.

दोन चाळीस. खुर्च्यांवर टॉवेल. तीन. घडी घातलेले, टपकतायत—

दोन पन्नास. रस्त्याच्या मधोमध उभी राहणार. काही झालं तरी बाजूला होणार नाही. तिला थांबावंच—

पुन्हा उघडलं. खुर्च्या चार.

चौथीवर वही. हीच, निळं कव्हर. पानं ओली. अक्षर माझं. शेवटची ओळ अर्धीच आहे, मोठी करून वाचते—

तेजस्वीची गाडी तीनला येईल, तेव्हा मी