दोन ब्रेकची गाडी

४ मार्च

आजपासून या घरात बाळंतपणाच्या गोष्टी बंद! फर्मान माझं. कारण सासूबाई.

मुलीला मदत म्हणून आल्या होत्या. मदत अशी की भाजी निवडता निवडता ओळखीतली एकेक बाई आडवी करायची. कुणाचं मूल पायाळू, कुणाच्या मुलाच्या गळ्याला नाळेचा वेढा, कुणी अशी ओरडली की रस्त्यावर माणसं थांबली. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, "पण तू नको हो घाबरू!"

बायको समोर बसून ऐकत होती. चेहरा पांढराफटक. मी म्हणालो, आई, हे आत्ताच्या आत्ता बंद करा. त्या म्हणाल्या, "अहो जावईबापू, मी आयुष्यभर बाळंतपणं काढलीत." मी म्हणालो, काढली असतील, इथं काढू नका. आवाज जरा चढला. जरा म्हणजे, खालच्या मजल्यावर टीव्ही बंद झाला.

सासूबाईंनी पिशवी भरली आणि थोरल्या मुलीकडे निघून गेल्या.

बायको उठली. बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. नळ सोडून रडायची ही तिची नवी पद्धत. पाणी वाया जातं म्हणून मी तिला कधीही बोलणार नाही. प्रेम आहे माझं!

६ मार्च

ती घाबरली आहे, मान्य. बाईमाणूस घाबरणारच, पहिलंच आहे. मी घाबरलेलो नाही. मला फक्त जेवण जात नाही.

आज सरळ विचारलं, नक्की कशाची भीती वाटते तुला? कळांची?

तिनं माझी कॉलर नीट केली. मग म्हणाली, "हं. कळांचीच."

झालं! रोग कळला, आता उपाय काय अवघड आहे?

९ मार्च

उपाय सुरू. हॉस्पिटलातल्या वर्गाला गेलो. होणाऱ्या आयांना श्वास घ्यायला शिकवतात, आणि नवऱ्यांना गप्प बसायला. शिकवणारी सिस्टर खणखणीत. म्हणाली, "कळा सुरू झाल्या की घरातलं एकच माणूस आत. नवरे असाल तर हात धरायचा, सल्ले द्यायचे नाहीत. मागे एक जण आत चक्कर येऊन पडला. बायकोच्या आधी त्यालाच टाके घालावे लागले!"

सगळे हसले. मला हसू येईना. उभा राहिलो आणि म्हणालो, इथं माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्हाला विनोद सुचतात? सिस्टरनं विचारलं, "आपण काय करता?" म्हणालो, गाडी चालवायला शिकवतो. "वाटलंच," म्हणाली.

काय वाटलंच? अजून कळलेलं नाही.

बायको फरशीकडे बघत होती. पण पुढं श्वासाचा सराव झाला त्यात मी सगळ्यांत पुढं. शेजारच्या नवऱ्याचा श्वास असा काही अडकला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी एकदाही चुकलो नाही. आत मीच जाणार, हात मीच धरणार.

१३ मार्च

दुपारी शिकाऊ मंडळी जेवायला जातात तेव्हा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक गाडी नेऊ देतात. दिवस जायच्या आधीपासून बायकोला शिकवतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट स्टिअरिंगला टेकेपर्यंत चालवा. आता फार अंतर राहिलेलं नाही.

चांगली चालवते. मी मध्ये पडत नाही. फक्त माझ्या बाजूला जो जादा ब्रेक आहे — शिकवणाऱ्यासाठी असतो — त्यावर पाय ठेवून बसतो.

"मी दाबायच्या आधी तूच दाबतोस," ती म्हणाली. "माझा ब्रेक नेमका कुठं लागतो, ते मला अजून कळलेलंच नाही."

"समोरून कुणी आलं असतं तर?"

"कुणी नव्हतं."

"आलं असतं तर?"

हसली. किती दिवसांनी! हसली की तिच्या एकाच गालाला खळी पडते. त्या खळीपायी मी आख्खं कॉलेज सोडलं. आणि वर पुन्हा सोडेन.

मग एकदम म्हणाली, "बाबांना फोन कर ना एकदा."

माझ्या बाबांना. म्हणजे ज्यांनी मला घरातून काढलं त्यांना. आत्ता त्यांचं काय? दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पर्यवेक्षकानं हिचा पेपर ओढला, मी त्याची कॉलर ओढली. हिच्या पेपरात कॉपीचं काहीच नव्हतं, हे चौकशीत सिद्ध झालं. माझ्या हातात कॉलर होती, हे तिथल्या तिथंच सिद्ध झालं होतं. बाबा म्हणाले माफी माग. नाही मागितली. ती पास झाली, मी गिअर टाकायला शिकलो. चष्म्याच्या दुकानात ती आता लोकांचे डोळे तपासते आणि मी लोकांचे आरसे.

फोन नाही करणार. "बाळाला आजोबा लागतील रे," म्हणाली. मी आहे की!

१७ मार्च

आज तिनं मला भात लावायला शिकवलं. मग बाळाची दुपटी कुठं, तेल कुठं, झबली कशी धुवायची, कपाटाचा खालचा कप्पा कसा उचलून ओढायचा. "तुला माहीत असलेलं बरं."

बायका या दिवसांत घर आवरायला घेतात म्हणे. हिनं मला आवरायला घेतलंय.

भात करपला. ती म्हणाली, "पुन्हा लाव." हट्टच धरला! पुन्हा लावला. बरा झाला, तर तिनं डोळे पुसत खाल्ला.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. सगळं ठीक, बाळाचं डोकं खाली, वजन छान. बाई नेहमीप्रमाणे थंड. "सरळ होईल असं दिसतंय. ऐन वेळी काही वाटलं तर ऑपरेशन करू."

मी विचारलं, म्हणजे खात्री नाही?

"खात्री कुणीच देत नसतं हो."

दुकानदार पंख्याची खात्री देतो! आणि ही बाई माझ्या बायकोची देत नाही. माझा हात टेबलावर आपटला गेला. म्हणालो, हिला काही झालं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या या हॉस्पिटललाही नाही. लक्षात ठेवा!

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बसा." मी बसलो नाही. बायकोनं माझी बाही धरली होती. हात बर्फासारखा.

येताना गाडीत म्हणाली, "असं का बोललास?"

"तुझ्यावर जीव आहे म्हणून."

"पण तू नुसतं बोलणारा नाहीस. तू करशील ते. खरंच करशील."

ओळखते मला! एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता माझ्यावर. म्हणून मुद्दाम लिहून ठेवतोय.

२१ मार्च

सकाळभर नळ चालू.

२५ मार्च

सासूबाई परत! हिनंच फोन करून बोलावलं. मला न विचारता. आल्या आल्या म्हणाल्या, "आले हो जावईबापू. तोंडाला कुलूप लावून आलेय."

दोघींची दार लावून खलबतं चालतात. मी गेलो की विषय एकदम साबणावर. एवढं काय बोलायचं असतं साबणाबद्दल?

जेवताना बायको म्हणाली, "ऐक. त्या दिवशी तू आत यायचं नाहीस."

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हणालो, मी श्वास शिकलोय! सगळ्या वर्गात पहिला!

"तू ब्रेक दाबशील," म्हणाली.

"मग कोण येणार?"

"आईला बोलावलंय ना."

म्हणजे मी बाहेर आणि त्या पायाळूवाल्या आत! मी ताट सरकवून उठलो. गच्चीवर जाऊन श्वास घेतले. शिकलोय म्हणून नाही, राग आला म्हणून. मूल दोघांचं, आणि मला बाकावर बसवणार. मी काय परका आहे?

२९ मार्च

आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. इथंच लिहितो.

दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी खाली उभी होतीच. मी पिशवी घेऊन जिन्यावरून धावलो, दार उघडलं, बसलो, पट्टा लावला. ती बसली. सासूबाई मागं बसल्या. गाडी निघाली. पहिलं वळण गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी रोजच्या सवयीनं शिकवणाऱ्याच्या सीटवर बसलोय! आणि ती रोजच्या सवयीनं शिकणाऱ्याच्या. स्टिअरिंग तिच्या हातात!

"थांब! मी घेतो!"

"कुठं थांबू? मागं बस लागलीय."

कळ आली की गाडी कडेला घ्यायची, श्वास घ्यायची, ओसरली की आरशात बघून निघायची. मागं सासूबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी ब्रेक दाबत होतो. दिव्याचा खांब आला की दाबत होतो, कुत्रं दिसलं की दाबत होतो. मागचा एक माणूस सारखा हॉर्न वाजवायला लागला. आता मात्र हद्द झाली! उतरलो आणि त्याच्या काचेवर थाप मारली. बाई अडलीय, तुला दिसत नाही? तो म्हणाला, "मग तुम्ही खाली काय करताय?"

वळून बघतो तर आमची गाडी पुढं गेलेली. चौक ओलांडून थांबली. धापा टाकत पोचलो. सासूबाईंनी कॉलर धरून आत ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खोट्या कळा. घरी जा म्हणाल्या.

येताना मी चालवली. तिला विचारलं, घाबरली असशील ना? म्हणाली, "नाही रे. कळ येते आणि जाते. तिचं काही एवढं नाही."

तिचं काही एवढं नाही? मग गेला महिनाभर नळ कशासाठी? हिला नक्की भीती आहे तरी कशाची? मला सांगत का नाही? मीच तर आहे हिचा!

३० मार्च

विचारलं. म्हणाली, "आधी बाबांना फोन कर. मग सांगते."

नाही केला.

२ एप्रिल

लिहायला आत्ता वेळ मिळाला.

पहाटे खऱ्या कळा. या वेळी मालक स्वतः गाडी घेऊन आले. माझं तोंड बघून म्हणाले, "तू मागं बस."

हॉस्पिटलात मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सासूबाईंना आत जाताना मला बघायचं नव्हतं. दार लागल्याचा आवाज आला. वळलो तर सासूबाई बाहेरच! ती एकटीच आत गेलेली.

"अहो, जा ना आत! तुम्हालाच तर बोलावलंय!"

"मी इथंच बरी," म्हणाल्या. बाकावर बसल्या, मला शेजारी बसवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. घाबरल्या, दुसरं काय! आयुष्यभर दुसऱ्यांची काढली, स्वतःच्या लेकीच्या वेळेला पाय गळाले. आणि माझी बायको आत एकटी. ना हिची आई, ना मी. मला अस्सा राग आला! पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार. म्हणालो, काळजी करू नका, मी आहे.

"हो, तुम्ही आहात," म्हणाल्या. मनगट सोडलं नाही.

सकाळ सरली. आतून तिचा आवाज आला. मी उठलो, त्यांनी खाली बसवलं. मग डॉक्टरीणबाई घाईनं बाहेर आल्या. बाळाचे ठोके कमी व्हायला लागलेत, ऑपरेशन करावं लागेल, लगेच.

माझं डोकंच फिरलं. या बाईला मी सांगितलं होतं! बजावून सांगितलं होतं! उठायला गेलो, आणि मला उठताच येईना. सासूबाईंनी आता दोन्ही हातांनी धरलं होतं. म्हातारीच्या अंगात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. माझ्याकडे बघतही नव्हत्या. बाईंना म्हणाल्या, "तुम्ही जा आत. तुमचं काम करा. इथलं मी बघते."

इथलं काय बघायचं होतं?

मग किती वेळ गेला माहीत नाही. ते सगळे शिकलेले श्वास, एकही आठवला नाही. आतून रडणं ऐकू आलं. आधी वाटलं, माझंच.

मुलगी! दोघी सुखरूप!

सासूबाईंनी तेव्हा कुठं हात सोडला. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उमटलेत, काळेनिळे. किती घाबरल्या होत्या बिचाऱ्या!

५ एप्रिल

मायलेकी झोपल्या होत्या. सासूबाईंची चेष्टा केली — मनगट दाखवलं, म्हणालो, आई, एवढं घाबरतात का? लेक एकटी आत, आणि तुम्ही मला धरून बसलात!

हसल्या नाहीत. दुपट्याची घडी घालत हळूच म्हणाल्या, "मी आतच जाणार होते हो. तिनं जाऊ दिलं नाही. म्हणाली, आई, मला मरायचीसुद्धा भीती नाही. पण मला काही झालं तर हा डॉक्टरांच्या अंगावर जाईल, पोलीस याला घेऊन जातील, आणि बाळाला दोघांतलं कुणीच उरणार नाही. माझं मी बघते. तू बाहेर बस, आणि काही झालं तरी त्याला सोडू नकोस."