घाटावरचे समुद्रफूल

वाई, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६७

राजमान्य राजश्री दिनकरपंत व्याही, मुक्काम रत्नागिरी, यांस नीलकंठशास्त्र्यांचा साष्टांग नमस्कार. आपला दमा व विहीणबाईंचे गुडघे यांस उतार असावा. (चि. चारुशीलेच्या पत्रात सासरच्या दुखण्यांचा उल्लेख नव्हता. यावरून ती बरी झाली असावीत किंवा मुलगी शहाणी झाली असावी.)

संक्रांतीस आपण काचेच्या हौदासह समुद्रफूल भेट दिलेत आणि चारचौघांत म्हणालात, "शास्त्रीबुवा, घाटावर हे होळी बघायचे नाही. बघितलेच, तर रामनवमीला भर पंक्तीत हार मानीन." होळी झाली. फूल आहे, नुसते आहे असे नव्हे, जांभळ्या पाकळ्या पसरून आहे.

विघ्ने आली. हौदातले पाणी उन्हाने कमी होई. जे उणे झाले ते समुद्रजल, म्हणून भरपाई समुद्रजलानेच, या न्यायाने मी आपण हौदासोबत दिलेल्या बरण्यांतील पाणी ओतीत गेलो. फूल आक्रसून सुपारीएवढे झाले. तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, आमटी आटली की खारट होते की अळणी?" दृष्टांत तिचा, सिद्धांत माझा : पाणी उडते, मीठ राहते. कृष्णेचे गोडे पाणी घालताच फूल उमलले. वारा मिळावा म्हणून रोज पहाटे लाकडी रवीने पाणी घुसळतो. (ताकाच्या आधी. ताक जरा खारट लागते, हा आक्षेप अद्याप सिद्ध झालेला नाही.)

पुढे आहाराचा प्रश्न. नैवेद्याचा वरणभात दिला, तो त्याने बाहेर टाकला. त्या दिवशी एकादशी होती, म्हणून मला कौतुक वाटले; पण द्वादशीलाही टाकला. लढाईवरून परतलेले आमचे शेजारी सुभेदार हंबीरराव हौदात बोट घालून म्हणाले, "आवं शास्त्रीबुवा, फूल कसलं, जनावर हाय हे! लय उपाशी हाय. मासळी द्या त्याला." मी सांगितले, पाकळ्या आहेत, देठ दगडाला धरून आहे, नावही फूल, सबब वनस्पती. "व्हय? मग माझं बोट कुनी धरलं?" स्पर्शाने लाजाळूही मिटते, म्हणून तो हेतू, म्हणजे पुरावा, सदोष ठरतो. सुभेदार हसत हसत घरी गेले. (यावरून त्यांना सिद्धांत पटला असावा.)

तेव्हापासून फूल दिवसेंदिवस पुष्ट होत आहे, आणि तेही माझ्या निरामिष घरात. तरी रामनवमीस सहकुटुंब यावे आणि पंक्तीत काय बोलायचे त्याची तयारी करून यावे.

आपला,
नीलकंठशास्त्री

ता. क. : हंबीरराव भाचीच्या लग्नासाठी खंडाळ्यास चालले आहेत, ते रामनवमीनंतरच परततील. दुपारी ते खिडकीतून हौदात काहीतरी टाकतात असे सौ. म्हणते. मला प्रत्यक्ष ज्ञान नाही, कारण त्या वेळी मी झोपलेला असतो. (झोप न लागल्यास डोळे मिटून असतो.) ते गेल्यावर फूल पुन्हा सुपारी होईल, अशी धास्ती वाटते. तरी सुक्या कोळंबीची एक पुडी टपालाने त्वरित पाठवावी.

पुन्हा ता. क. : पुडीवर 'फुलाचे खत' असे स्पष्ट अक्षरांत लिहावे. गुलाबाला हाडांचे खत घालतात, म्हणून गुलाब कोणी देवाला वर्ज्य मानीत नाही. पंक्तीतल्या आपल्या बोलण्यात यामुळे काही फरक पडण्याचे कारण नाही.