नवमीच्या पानातली कोबीची वडी

आत्याबाई, काल तुमची नवमी झाली. तुम्ही सवाष्ण गेलात, म्हणून पितरांच्या पंधरवड्यात तुमचं पान नवमीला. तुम्ही सासू, मी सून. इतकी वर्षं तुम्ही मला वाढलंत, आता मी तुम्हाला वाढते. यंदा त्या पानावरून तुमच्या लेकीचं आणि माझं थोडं वाजलं, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी सांगलीहून साताऱ्याला या घरात आले, तेव्हाही पाऊस सरत आलेला होता. त्या दिवसांत तुम्ही अळूवड्या करायचात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला काळ्या देठाचा अळू, चिंच, गूळ, डाळीचं पीठ. सगळे तुटून पडायचे. आपण दोघी शेवटी चुलीपाशी बसायचो आणि तुमच्या ताटातल्या वड्या दर वेळी माझ्या ताटात यायच्या. "खा, पोरगी हायस तू." एकदा मीच हट्टानं तुमच्या तोंडात एक घातली, तर तुमच्या डोळ्यांना पाणी आलं. गुळाचा खडा तोंडात धरून तुम्ही म्हणालात, "मला अळू सोसत न्हाई गं. घशात काटं उठत्यात. कुणाला बोलू नगंस. लेकीला लय आवडत्यात, कळलं तर खायाची न्हाई ती."

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाली कोबीची वरची पानं काढून टाकत होती, ती मी पिशवीत भरून आणली. फुकटची म्हणून लाजले नाही. तुम्ही पिशवीत डोकावलात. "शेळी कुठं बांधलीयास?" मी पानं गरम पाण्यातून काढते, मधली जाड शीर तासते, ज्वारीच्या पिठात ओल्या शेंगांचं कूट, किसलेलं गाजर, तीळ, आलं-मिरची कालवते आणि पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधते. तुम्ही बघताय. चाळणीवर उकडल्या, देवापुढं ठेवल्या आणि पहिली तुम्हाला दिली. तुम्ही सावकाश खाल्लीत. "चारा ग्वाड हाय गं," म्हणालात आणि ताट पुन्हा पुढं केलंत. पुढं दर वर्षी अळूवड्यांच्या घाण्यामागं तुमच्यापुरत्या कोबीच्या वड्या व्हायच्या. बाकीच्यांना वाटायचं, सुनेची काटकसर.

काल वन्सं कराडहून अळूवड्यांचा डबा घेऊन आल्या. पानातली कोबी बघून कडाडल्याच. "वहिनी, आईच्या पानात हे? काटकसरीला काही सीमा? माझी आई अळूवडीवर जीव टाकायची!" खरं ओठांवर आलं होतं. पण पहाटे उठून अळूच्या शिरा तासल्यानं त्यांची बोटं खाजून लाल झाली होती, त्यांवर खोबरेल चोपडलेलं दिसलं. मी म्हटलं, "दोन्ही वाढूया वन्सं. आत्याबाईंना काय हवं ते घेतील त्या."

पान गच्चीवर ठेवलं. कावळा येईना. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, काय चुकलं असंल तर पदरात घे." वन्सं पुटपुटत होत्या. माझ्या मनात एकच होतं, की माझी वडी घ्या. शेवटी कठड्यावर एक कावळा बसला, पानापाशी आला, कोबीच्या वडीपाशी थांबला, मान वळवली आणि अळूवडी उचलून गेला. "बघा वहिनी, बघा!" वन्सं रडत रडत हसत होत्या. "बघितलं," मी म्हटलं.

तिथं घसा खवखवत नसेल, तर देवाची कृपा. आणि लेकीसाठी तुम्ही घशातल्या काट्यांसकट ती अळूवडी गिळली असेल, तर ते तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, वन्संच्या हाती तर नाहीच. त्या आनंदानं घरी गेल्या, ते बरं झालं. पण आत्याबाई, मला थोडं लागलं. माझ्या वडीला नुसती चोच तरी लावायची होती.