काका, मी मशीन बंद करणारच

प्रिय सुखदेवकाका,

जय भीम.

तुम्ही गेल्याला पाच महिने झाले. पत्र लिहायचा विचार नव्हता. जिवंतपणी तुमच्याशी पोटभर भांडून घेतलं, आता कशाला, असं वाटायचं. पण परवा आपल्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम सुरू झाला. मॅनेजरनं नव्या पोरापोरींना तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं केलं आणि म्हणाला, "हे आमचे जुने फिटर. तीस वर्षांत चालू मशीन एकदाही बंद केलं नाही. असं काम शिका!"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, त्यांची दोन बोटं कुठं गेली तेही सांगा ना!"

मेलेल्या माणसाचा अपमान केला, असं मॅनेजर म्हणतो. माफीनामा लिहून दे म्हणतो. मी म्हटलं, माफी मागायचीच असेल तर ज्यांचा अपमान झाला म्हणता त्यांच्याकडे मागीन, तुमच्याकडे नाही. केला का हो काका मी तुमचा अपमान?

आयटीआय करून मी सोनाळ्याहून वरवट बकालच्या या जिनिंगमध्ये आले, तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. फिटरच्या जागेवर पोरगी पाहून सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. माझ्या हातात पाना दिलात आणि म्हणालात, "घे. पाना कोनाच्या हातात हाय, नटाले काय समजते!"

रोलरच्या आवाजावरून बिघाड ओळखायला तुम्ही शिकवलं. बेअरिंग जळायच्या आधी येतो तो वास तुम्ही शिकवला. आयटीआयच्या दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही, ते तुम्ही दोन महिन्यांत हातात उतरवलं. हे मी कोणापुढेही सांगीन.

पण सोबत तुमचा सल्लाही असायचा. रोज चहाला, न मागता! "साहेबापुढं तोंड उघडाचं नाही. कापूस अडकला तं चालत्या मशीनीतूनच काढाचा. मशीन थांबलं का आपन डोळ्यात येतो."

एकदा मी विचारलं, "बोटं गेली तवा तरी थांबलं होतं का?"

तुम्ही डावा हात खिशात घातलात. "हाव. पाच मिनिटं."

आणि हे तुम्ही अभिमानानं सांगितलंत! मला रडू आलं आणि चीडही आली. मी बोलले, "तुमच्या पिढीनं असंच सहन करून करून आमची वाट लावली." तुम्ही म्हणालात, "आन तुमची पिढी काम कराच्या आंधी नियम वाचते."

मग झाडलोट करणाऱ्या शोभाताईचं झालं. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी, साफ करायला सोपं जावं म्हणून, कधीची काढून ठेवलेली. तिथं झाडताना शोभाताईचा पदर पट्ट्यात गेला. तिची किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही, इतका आवाज. मला फक्त तिचं उघडं तोंड दिसलं. तुम्ही तिच्याकडे धावलात, मी मेन स्विचकडे. अख्खी जिनिंग थांबली. गळ्याला आवळलेला पदर तुम्ही सुरीनं कापलात. ती वाचली.

मॅनेजर आला तो ओरडतच. "एका बाईसाठी सगळी जिनिंग बंद?" मग तुमच्याकडे वळला. "सुखदेव, तू एकटा असता तं काय केलं असतं?"

सगळे तुमच्याकडे पाहत होते. मीही.

"मी असतो तं बंद केलं नसतं, साहेब."

झालं! मला पंधरा दिवस घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही सोनाळ्याला आमच्या अंगणात उभे. आईनं पाणी आणलं, ते हातात तसंच धरून म्हणालात, "मी खोटं नाही बोललो, पोरी. मी खरंच बंद केलं नसतं. पदर ओढत बसलो असतो, आन शोभा मेली असती. तू होती म्हनून वाचली."

"मंग हे तिथं काऊन नाही बोलले? इथं माह्या अंगणात कायले सांगून राह्यले?"

"माही दोन वर्षं राह्यली नोकरीची."

"माही तीस राह्यली, काका!"

पाणी न पिताच तुम्ही गेलात.

मी परत कामावर आले तेव्हा पट्ट्यावर जाळी होती. शोभाताईनं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी येऊन, कोणाला न विचारता, तुम्हीच बसवली. मला कळलं होतं, काका. तरी हंगाम संपेपर्यंत मी तुम्हाला एकदाही जय भीम केला नाही. तुम्ही रोज माझ्याकडे पाहायचात, आणि मी पान्याकडे. एवढा ताठा कशाला होता माझा? आता तो खुपतो.

पण जाळी बसवणं म्हणजे बोलणं नव्हे. हे मी आजही म्हणते. ज्या दोन वर्षांसाठी तुम्ही गप्प राहिलात, ती दोन वर्षं तुम्हाला मिळालीच नाहीत. उन्हाळा सरता सरता छातीत कळ आली आणि संपलं. काय वाचवलंत हो तुम्ही?

माफीनामा मी दिला नाही. आज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी नव्या सगळ्यांना मेन स्विचपाशी नेलं. प्रत्येकाच्या हातानं तो एकदा खाली ओढून बंद करून घेतला. शोभाताई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मॅनेजर दारातून पाहत होता. आत आला नाही.

तेवढ्यात नव्यांतलीच एक पोरगी म्हणाली, "ताई, तुमची वेणी मोकळी हाय. रोलरमधी जाईल."

काका, खरं सांगू? मला राग आला. कालची पोरगी, आणि सगळ्यांदेखत मला शिकवते! तुम्हाला माझा काय राग येत असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मी वेणी वर बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर हाय तुहं. चूक माही होती."

एवढाच शब्द देते तुम्हाला. माझेही केस पांढरे होतील, माझीही दोन वर्षं राहतील. तेव्हाही एखाद्या पोरीचं खरं असेल, तर तिला ते तिच्या अंगणात जाऊन सांगणार नाही. सगळ्यांसमोर, साहेबासमोर, तिथंच सांगीन.

तुमची उलट बोलणारी,
प्रज्ञा