किटलीचा अंत्यविधी आणि नगरपरिषदेचा ठराव

थॉर्नबेक, यॉर्कशायर
३ ऑक्टोबर १९७९

चि. क्रिस्पिन यास,
प्रभूची कृपा तुजवर असो आणि तीबरोबर थोडी लाजही येवो.

नाताळला घरी येऊ का, असे तू विचारलेस. तूर्त उत्तर नाही असे आहे. तुझी 'कोबीचे राजदूत' ही पाच पदवीधरांची मंडळी टीव्हीवर जे करते, ते मी पुष्कळ सोसले. भर समुद्रात बसून सभा चालवणारे मंत्रीही सोसले. पण चहाच्या किटलीचा अंत्यविधी? चहा गरम राहावा म्हणून घालतात ते लोकरी टोपडे तिला घालून, बिशपाकडून प्रार्थना म्हणवून, शेवटी हंसाने गायकवृंद गिळायचा? आणि तो बिशप चष्मा कपाळावर चढवतो, तसा या परगण्यात एकच मनुष्य चढवतो. तुझी आई गेल्यावर त्यानेच तुला वाढवले.

परिणाम ऐक. परवा गावातल्या पिकर्सगिलना मूठमाती दिल्यावर रीतीप्रमाणे चर्चच्या सभागृहात चहा होता. आपले घर सांभाळणाऱ्या ग्लेडहिलबाईंनी टोपडे घातलेली किटली आणली मात्र, खुद्द विधवा खदखदून हसली आणि मागोमाग सारे शोकाकुल. मी बाईंना जाब विचारला, तर म्हणतात, हसतील नाहीतर काय, साहेब, तुम्ही चष्मा कपाळावर घेऊन उभे!

आता तुमच्या नव्या चित्रपटात बायबलातल्या महापुरात नोहाच्या तारवातले प्राणी संप करतात म्हणे. त्यावर बंदी घालण्यासाठी नगरपरिषदेने मला बोलायला बोलावले आहे. मी जाणार.

तुझा शुभचिंतक व संतप्त मामा,
सेप्टिमस ओल्ड्रॉइड, धर्मगुरू, थॉर्नबेक चर्च


लंडन
९ ऑक्टोबर

ती. मामांस,
दुरूनच, कानाला हात लावून प्रणाम.

जरूर बोला. पण मामा, थॉर्नबेकमध्ये चित्रपटगृह उरलेय कुठे? तिथे बिंगोचा आकड्यांचा जुगार सुरू होऊन वर्षे लोटली. एखाद्या गावाने बंदी घातली की शेजारच्या शहरात रांगा लागतात, म्हणून आमचे राजदूत तुमच्या परिषदेच्या नावाने आत्ताच ग्लास उंचावताहेत.

चष्म्याचे म्हणाल, तर बिशप कसा दिसतो याचा विचार करताना मला तुमच्याशिवाय कोणी आठवतच नाही. चिडा, पण नाताळला येऊ द्या. इथे मेजवान्या पुष्कळ आहेत, घर नाही.

लोभ आटवू नये, ही विनंती.
तुमचा क्रिस्पिन


थॉर्नबेक
२९ ऑक्टोबर

चि. क्रिस्पिन यास सक्रोध आशीर्वाद.

सभेत मी प्रथम विचारले, हा चित्रपट कोणी पाहिला आहे? कोणीही नाही. अध्यक्ष बॅराक्लफ म्हणाले, सभ्य माणसे असले पाहत नसतात. तेव्हा मी बायबलातल्या निकदेमाचे वचन ऐकवले, की मनुष्याचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? यावर अध्यक्षांनी पृच्छा केली की, हे निकदेम कोणत्या प्रभागाचे? आणि चित्रपटगृह नसलेल्या गावात बंदीचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला! शास्त्राचा इतका अपमान तुमच्या हंसानेही केला नव्हता.

त्याच रागात शनिवारी बसने शहरात गेलो. बस माझ्याच उपासकांनी भरलेली. मागच्या बाकावर टोपी नाकावर ओढून बॅराक्लफ. बहिणीला भेटायला निघालोय, म्हणाले. त्यांची बहीण माझ्याच शेजारी बसली होती.

चित्रपट पाहिला. पाणी चढत असताना पेंग्विन आणि नोहा चहाच्या सुट्टीवरून भांडतात, तिथे मला खोकला आला. ग्लेडहिलबाई त्याला दुसरेच नाव देतात. तुम्ही प्रभूची थट्टा करीत नाही. त्याचा आवाज बुडेल इतक्या मोठ्याने त्याच्या नावे बोलणाऱ्यांची करता. त्या लोकांत मीही येतो, म्हणून राग गेलेला नाही. किटलीबद्दल तर मुळीच नाही.

नाताळला ये. सकाळच्या उपासनेत लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा दुसरा अध्याय तू वाचायचा, चेहरा सरळ ठेवून. परिषदेची मंडळी पहिल्या बाकावर बसतात. निवाडा देऊन झालाच आहे. निदान आता तुझे ऐकून तरी घेतील.

येताना लोकरीचा कोट आण; घर थंड आहे. लोभ आहेच, तो रागाने कमी होत नाही.
तुझा मामा